साखरेवर ठेवलेली भाकरी

"अगं, यंदा तिकडे बर्फच नाही म्हणे! गेले आपले पैसे पाण्यात."

जानेवारी २०२४ मधली दुपार. आमच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी गुलमर्गचा फोटो टाकला होता आणि खाली हे वाक्य. फोटोत पांढरं असं काही नव्हतंच. मे महिन्यात आपल्याकडे माळावर दिसतं तसं वाळकं, पिवळट गवत आणि त्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असलेले घोडे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काश्मीरच होतं!

आम्ही नऊ जणी. सगळ्या कराडच्या. सर्वांत धाकटी चौतिसाची, तर सर्वांत मोठी सहासष्टची. दोन वर्षं भिशीतून पैसे बाजूला काढून 'फक्त बायकांची' काश्मीर सहल ठरवलेली. घरोघरी "नऊ बायका आणि बरोबर पुरुष नाही?" हे ऐकून झालेलं. मी शाळेतून निवृत्त झालेली, आयुष्यभर मुलांच्या सहली नेलेल्या, म्हणून पुढारीपण माझ्याकडे. आणि आता बर्फच गायब!

जानेवारीच्या अगदी शेवटी बातमी आली, गुलमर्गला बर्फ पडला. ग्रुपवर लाडूंचे फोटो फिरले. स्वेटर, माकडटोप्या, हातमोजे पिशवीत गेले आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. (काश्मीर म्हटलं की आता एप्रिल २०२५ मधलं पहलगाम आठवतं आणि पोटात कालवतं. ही गोष्ट त्याआधीची आहे.)

श्रीनगरला उतरलो तर आभाळ भरून आलेलं. दोन दिवस बर्फ आणि पाऊस यांचा नुसता धुमाकूळ. टंगमर्गला आमची गाडी सोडून चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीत बसावं लागलं. गुलमर्गला पोचलो आणि सगळ्या जणी गप्पच झाल्या. ज्या माळाचा तो वाळका फोटो होता, तिथे गुडघाभर बर्फ. देवदार वाकलेले. आम्ही लहान मुलींसारख्या त्यात लोळलो, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा. त्याचे दोन टप्पे आहेत. पहिला गुलमर्गहून कोंगदूरीपर्यंत, साधारण दहा हजार फुटांवर. दुसरा तिथून अफरवाट डोंगरावर, तेरा हजार फुटांच्या आसपास. आमची दोन्ही टप्प्यांची तिकिटं काढलेली. कोंगदूरीला पोचलो तर कळलं, दुसरा टप्पा आज बंद. सुरक्षेसाठी.

माझा पारा चढला. "एवढ्या लांबून यायचं आणि वर जायचं नाही? ऊन पडलंय, आभाळ निळं आहे, कसली आलीय सुरक्षा?" सगळ्यांत जास्त आरडाओरडा मीच केला, हे लिहिताना आज लाज वाटते.

तेवढ्यात एक स्लेजवाला पोरगा पुढे आला. विशी-बावीशीचा. फिरनच्या आत कांगडी, ओठ थंडीनं फुटलेले. म्हणाला, "आंटी, गोंडोला बंद है तो क्या हुआ? उधर ऊपर तक पैदल ले चलूंगा. फोटो एकदम मस्त. इस साल तो बर्फ ही कम है, डरने की कोई बात नहीं."

त्यानं दाखवलेला उतार समोरच होता. दोऱ्या बांधून आखलेल्या जागेच्या पलीकडे. पांढराशुभ्र, गुळगुळीत, एकाही पावलाचा ठसा नसलेला. आमच्यातल्या दोघी तर निघाल्याच. मलाही त्याचं म्हणणं पटलं. बर्फ कमी तर भीती कमी, साधा हिशोब! पाऊस कमी पडला तर पूर येत नाही, तसंच हे.

आडव्या आल्या त्या आमच्या सुभेदारीण वहिनी. त्यांचे यजमान सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, नोकरीची कितीतरी वर्षं त्यांनी बर्फातल्या चौक्यांवर काढलेली. वहिनी एरवी फारशा बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "बंद म्हणतायत ना, मग बंद. थांबा, मी ह्यांना विचारते."

आमच्यात पोस्टपेड फोन त्यांचाच. (बाहेरून नेलेलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) स्पीकरवर भाऊजींचा आवाज आला. त्यांनी आमची चौकशी केली नाही, हवा कशी आहे तेही नाही. तीनच प्रश्न विचारले. "नवा बर्फ कधी पडला? किती पडला? त्याच्या आधी खाली जुना किती होता?"

मी ऐटीत सांगितलं, "भाऊजी, यंदा बर्फ कमीच आहे. जानेवारीत तर नुसतं गवत होतं. जो काही आहे तो आत्ताचाच, दोन-तीन दिवसांतला."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "ताई, कमी होता म्हणूनच सांगतोय. खाली साखर झालेली असणार. उतारावर चढू नका, उताराच्या पायथ्यालाही थांबू नका. सपाटीवर काय खेळायचं ते खेळा. संध्याकाळी सांगतो सगळं."

साखर? आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दोघी चरफडत परत आल्या. मीही मनातून खट्टूच होते. त्या पोराचा चेहरा पडला. त्याला सपाटीवरच आम्हाला आळीपाळीनं ओढायला सांगितलं आणि ठरलेले सगळे पैसे दिले. बोलता बोलता तो म्हणाला की डिसेंबर-जानेवारी पूर्ण कोरडे गेले, चार पैशांची कमाई नाही. घरी आई आणि दोन बहिणी. बर्फासाठी खोऱ्यात मशिदींमधून खास प्रार्थना झाल्या. मला आपल्याकडचा दुष्काळ आठवला. मग कळलं की तो आम्हाला फसवत नव्हता. हातातोंडाची गाठ पडावी म्हणून स्वतःलाच समजावत होता, भीती नाही म्हणून. ज्याचं पोट बर्फावर, त्याला कमी बर्फाच्या साली धोका पत्करावाच लागतो.

संध्याकाळी हॉटेलात चहाबरोबर गिरदा आला. गिरदा म्हणजे तिकडची जाडसर गोल रोटी, आपल्या भाकरीची बहीणच. तेवढ्यात भाऊजींचा फोन. म्हणाले, "एक ताट घ्या. त्यात साखर पसरा, पातळ थर. त्यावर ती रोटी ठेवा. आता ताट एका बाजूनं हळूहळू उचला."

मी उचलत गेले. थोड्या कलापर्यंत काही झालं नाही. आणखी जरासं उचललं आणि रोटी एकदम, अख्खीच्या अख्खी, सुर्रकन सरकून चादरीवर पडली. वर साखर सांडली ती वेगळीच. सगळ्या हसल्या. भाऊजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "त्या रोटीवर तुम्ही नऊ जणी उभ्या होतात असं समजा."

मग आम्ही कुणीच हसलो नाही.

परत आल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. शाळेत भूगोल शिकवला, पण हिमस्खलन म्हणजे 'डोंगरावरून बर्फाचा लोंढा खाली येणे' एवढ्या एका ओळीत उरकलेलं. वाचायला लागले तेव्हा समजलं की भाऊजींची साखर ही काही नुसती उपमा नाही. गिर्यारोहकांच्या भाषेत तिला खरोखरच 'शुगर स्नो' म्हणतात.

बर्फाखालची जमीन बरीच उबदार असते, शून्य अंशाच्या आसपास. वरची हवा मात्र रात्री निरभ्र आभाळाखाली उणे दहा, उणे पंधरा अंशांपर्यंत जाते. बर्फाची गादी चांगली जाड असेल तर हा फरक पाच-सात फुटांत विभागला जातो. आपल्या जाड गोधडीसारखं. आत सगळं शांत राहतं, कण एकमेकांना चिकटतात, थर पक्का होतो. पण बर्फ जेमतेम फूटभर असेल तर? तेवढ्याशा जाडीत खाली ऊब आणि वर कडाका. मग खालच्या बर्फाची वाफ वरवर जाते आणि पुन्हा गोठते. त्यातून मोठे, टोकदार, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात. मुठीत घेतले तर गोळा होत नाही, बोटांतून साखरेसारखे गळतात. कोरडा, निरभ्र, थंडगार हिवाळा म्हणजे ही साखर तयार करण्याचा कारखानाच!

जानेवारीत गुलमर्गचा माळ उघडा होता. पण वर उंचावर, सावलीच्या घळीत, आधीचा थोडाफार बर्फ असतोच. त्याची साखर होत राहते. मग फेब्रुवारीत एकदम दोन-तीन फूट बर्फ कोसळतो. वारा तो दाबून त्याची घट्ट लादी करतो. खाली साखर, वर लादी. झाली साखरेवरची भाकरी तयार. आता फक्त ताट तिरकं हवं. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार त्यासाठी सर्वांत धोक्याचा. त्याहून सपाट असेल तर बर्फ सहसा जागचा हलत नाही, फार उभा असेल तर फारसा साठतच नाही. आणि नेमका मधलाच उतार आपल्याला फोटोसाठी 'मस्त' दिसतो.

उरतो तो धक्का. तो देणारे बहुतेक वेळा आपणच असतो. करमणुकीसाठी बर्फात जाणाऱ्यांचे जे बळी जातात, त्यांतल्या बहुतेक वेळी लादी मोडते ती त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनानं. आणि गंमत बघा, थर पातळ असेल तिथे माणसाचं वजन खालच्या साखरेपर्यंत सहज पोचतं. जाड गादीखालचा वाटाणा टोचत नाही, सतरंजीखालचा टोचतो. म्हणजे बर्फ कमी असणं, हे दोन्हीकडून वाईट. खालचा थर कच्चा, आणि तो मोडणंही सोपं.

आम्ही गुलमर्ग सोडलं आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला बातमी आली. अफरवाटच्या उतारावर हिमस्खलन, परदेशी स्कीपटू सापडले. बाकीच्यांना वाचवण्यात यश आलं, एक रशियन स्कीपटू मात्र गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, त्याच अफरवाटवर पोलंडचे दोघं गेले होते. हे सगळे बर्फावर तयार झालेले लोक. आम्ही तर साडीवर बूट घातलेल्या बायका.

इथे एक गोष्ट खरी सांगायला हवी. आम्हाला जो उतार दाखवला होता, तो त्या दिवशी सरकला नाही. पुढेही सरकल्याचं मी ऐकलं नाही. म्हणजे 'आम्ही थोडक्यात वाचलो' अशी ही गोष्ट नाही. ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणालीच, "बघ, गेलो असतो तरी काही झालं नसतं." खरंच आहे. पण गॅसचा वास येत असताना काडी ओढली आणि भडका उडाला नाही, म्हणून काडी ओढणं शहाणपणाचं ठरतं का? उतार शंभरदा गप्प राहतो. म्हणून तर माणूस एकशेएकाव्यांदा चढतो.

बर्फ हा आपला विषयच नाही, असंही आता वाटत नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातून पिढ्यान्पिढ्या मुलं सैन्यात जातात. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनवर दहा जवान बर्फाखाली गाडले गेले, त्यांत माण तालुक्यातला एक होता. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गजवळ खिलनमर्गला सैन्याच्या प्रशिक्षण शाळेचे सतरा जवान गेले. पर्यटकांचं म्हणाल तर ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात जण दगावले. तिथे तेराव्या मैलापर्यंतच परवानगी होती आणि लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. वाचलं आणि कोंगदूरीची ती दोरी डोळ्यांपुढे आली.

आणि कमी बर्फाचा हिवाळा आता नवलाचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये तर बर्फाअभावी गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. काठमांडूच्या 'आयसीआयमॉड' या संस्थेनं त्या वर्षी सांगितलं की हिंदुकुश-हिमालयात बर्फ जमिनीवर टिकण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी घटलं, तेवीस वर्षांतलं सर्वांत कमी. आणि त्याच हिवाळ्याच्या शेवटी एकदम जोरदार बर्फ आला. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरचे चौपन्न मजूर हिमस्खलनात सापडले. शेहेचाळीस जणांना वाचवलं, आठ गेले. ते काही फोटो काढायला गेले नव्हते. पोटासाठी राहिले होते. मला पुन्हा तो फुटक्या ओठांचा पोरगा आठवला.

आपल्याकडच्या बायकांना हे समजायला अवघड जाऊ नये. २०२१ च्या जुलैत पाटणच्या बाजूला आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. तेव्हापासून पावसाळ्यात डोंगराकडे आपण वेगळ्या नजरेनं बघतो. बर्फाच्या डोंगराकडेही तसंच बघायला शिकायचं, एवढंच.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमची भिशी फुटून तुम्ही काश्मीर, मनाली, औली किंवा सिक्कीमला निघालात, तर जरूर जा. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. फक्त भाऊजींचे तीन प्रश्न पाठ करून जा. नवा बर्फ कधी पडला? किती पडला? त्याआधी खाली काय होतं? मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत नाजूक. खाली साखर असेल तर हा धोका आठवडेच्या आठवडे टिकतो. जोराचा वारा किंवा एकदम वाढलेली उष्णता, हीही वाईट लक्षणं. चालताना बर्फातून 'हुफ्' असा दबका आवाज आला, पायाजवळून तडा गेला, किंवा शेजारच्या उतारावर ताजा लोंढा आलेला दिसला, की आल्या पावली मागे. दोरीच्या पलीकडे जायचं नाही. आणि उताराच्या पायथ्याशी बसून चहाही प्यायचा नाही, कारण लोंढा खालीच येतो.

चंदीगडच्या 'डीजीआरई' या संरक्षण संशोधन संस्थेकडून हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे दिले जातात. तिथलं प्रशासन ते जिल्ह्यांच्या नावांनिशी जाहीर करतं. हॉटेलवाल्याला सकाळी चहाबरोबर तेवढं विचारायचं. ज्यांना खरोखर ट्रेकला जायचंय, त्यांनी जाणकार वाटाड्या आणि तीन वस्तू घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. त्या म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारं सिग्नल यंत्र, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं. कारण बर्फाखाली सापडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक वेळा तो वाचतो. अर्धा तास उलटला की आशा झपाट्यानं कमी होते. तेवढ्या वेळात बाहेरून मदत येत नाही. जवळ असतात ते आपलेच सोबती. म्हणून कुणी सापडलं, तर ते शेवटचं कुठे दिसलं ती जागा नजरेतून सोडायची नाही आणि तिथून खाली शोधायला लागायचं. स्वतः सापडलात, तर बाजूला सरकायची धडपड करा आणि लोंढा थांबायच्या आत हात तोंडासमोर आणून श्वासापुरती जागा करा.

सुभेदारीण वहिनींना मी नंतर विचारलं, "तुम्हाला त्या वेळी एवढं ठाम कसं राहता आलं हो? आम्ही सगळ्या तर तुमच्यावर चिडलो होतो."

त्या शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "हे बर्फात असायचे तेव्हा महिना महिना पत्र यायचं नाही. तेव्हा मनात एकच असायचं. तिथे कुणीतरी ह्यांना 'आज नको' म्हणणारं असावं. तेच मी तुम्हाला म्हणाले."

आमच्या सहलीच्या अल्बममध्ये अफरवाटच्या माथ्यावरचा फोटो नाही. त्या जागी मी हॉटेलातला फोटो लावलाय. चादरीवर सांडलेली साखर, उलटी पडलेली रोटी आणि भोवती नऊ बायका. घरी येणारे विचारतात, "हा काय फोटो?" मग मी स्वयंपाकघरातून ताट आणते.